परतीचा सभासद

दसरा जवळ आला की छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात हा माणूस दिसू लागतो. वय चाळीस ते पंचावन्न. एका हातात भाजीची पिशवी, शर्टाच्या खिशात पासपोर्ट आकाराचे दोन फोटो आणि आधार कार्डाची झेरॉक्स, चेहऱ्यावर हिशेब. जिल्हा परिषदेच्या आसपास स्कूटर लावायला जागा शोधत तो दोन चकरा मारतो, सरस्वती भुवन कॉलेजच्या फाटकाकडे पाहून ‘इथंच शिकलो आपण’ असं मनाशी म्हणतो, मंडईत मेथीचा भाव विचारतो, न घेता पुढे सरकतो आणि मग वाचनालयाच्या दारात उभा राहतो. कॉलेज सुटल्यापासून त्यानं हे दार ओलांडलेलं नसतं. मधल्या वीस-पंचवीस वर्षांत त्यानं पुस्तकं घेतली, भेट दिली, भेट मिळवली, भेट मिळालेली दुसऱ्याच्या वास्तुशांतीत पुढे ढकलली. पण सभासद म्हणून कुठं नाव घातलं नाही. पाऊस संपला असं सगळे धरून चालतात आणि तो जाता जाता पुन्हा एकदा येतो, तसा हा येतो. म्हणून त्याला परतीचा सभासद म्हणायचं.

येण्याचं कारण विचारलं तर तो ‘वाचनाची आवड’ असं सांगतो. फॉर्मवरही तेच लिहितो. खरं कारण आदल्या रविवारी घरी भरलेली अंदाजपत्रकी बैठक असते. फ्लॅटचा हप्ता, मुलाचा क्लास, वायफाय, तीन ओटीटी (त्यातलं एक कोण बघतं ते अजून कळलेलं नाही) अशी यादी वाचत वाचत बायको एका ओळीवर थांबते.

“हे ऑनलाइनचं काय आहे?”

“पुस्तकं.”

“म्हणजे?”

“ज्ञान.”

ती उठते, कपाट उघडते आणि वरचं प्लॅस्टिकही न निघालेलं ज्ञान त्याच्यासमोर मांडते. एक सवलतीत घेतलेला चरित्रखंड, दोन आत्मविकास, एक भाषांतरित जागतिक इतिहास आणि ‘सगळं काही शंभर रुपयांत’वाल्या प्रदर्शनातून उचललेला, कशावर आहे ते त्यालाही न आठवणारा ग्रंथ. हल्ली बऱ्यापैकी जाडीच्या मराठी कादंबरीला चारशे-पाचशे रुपये सहज पडतात. बरं, सरकारनं छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य ठेवलाय, त्यामुळे करावर खापर फोडायचीही सोय नाही. बैठकीचा ठराव एका मतानं संमत होतो. ते मत बायकोचं असतं.

काउंटरवरचा पहिला संवाद साधारण ठरलेला असतो. वर्गणीचा आकडा ऐकून तो आधी चकित होतो, कारण निराला बाजारात चौघांनी आइस्क्रीम खाल्लं तरी याहून जास्त बिल होतं. पण चकित झाल्याचं दाखवणं व्यवहाराला धरून नाही, म्हणून तो विचारतो, “वर्षाची एकदम भरली तर काही कमी?”

“नाही.”

“ज्येष्ठ नागरिकाला काही सूट?”

“तुम्ही ज्येष्ठ आहात?”

“वडील आहेत.”

“ते वाचतात?”

“ते नाही वाचत. पण कार्ड त्यांच्या नावावर काढलं तर...”

ग्रंथपाल मॅडम उत्तर न देता फॉर्म पुढे सरकवतात. आता अनामत रकमेचा विषय निघतो. ती सभासदत्व सोडताना परत मिळते, हे त्याला पटवून द्यावं लागतं. पटलं की तो थोडा पुढे झुकतो आणि आवाज खाली आणून विचारतो, “आणि तोवर व्याज?”

वाचनालयाच्या नोकरीत माणूस बरंच ऐकतो, पण या प्रश्नाला मॅडम चष्मा काढतात. तिथून बाहेर पडून तो समर्थनगरातल्या शासनाच्या विभागीय ग्रंथालयातही चौकशी करून येतो आणि दोन्हीकडच्या अटी एका कागदावर शेजारी शेजारी लिहून काढतो. मुदत ठेवीसाठी बँका निवडतानाही त्यानं एवढं बारकाईनं पाहिलेलं नसतं. शेवटी औरंगपुराच ठरतं. कारण मंडई जवळ. पेट्रोल एकाच फेरीचं.

फॉर्मवर एक ओळ मात्र त्याला अडवते: ओळखीच्या सभासदाची सही. गृहकर्जाला जामीन राहिलेले त्याचे निम्मे मित्र आहेत. वाळूजच्या कंपनीतल्या पतपेढीत अर्ध्या डिपार्टमेंटच्या कर्जावर याची सही आहे. पण वाचनालयाचा सभासद असलेला एकही माणूस फोनमधल्या शेकडो नावांत सापडत नाही. अखेर इस्त्रीवाल्याकडे भेटणारे एक निवृत्त मास्तर सही देतात आणि वर बजावतात, “पुस्तक हरवलंत तर मी भरणार नाही.”

ज्या वाचनालयात तो व्याजाची चौकशी करतो त्याच्यासारख्या वाचनालयांची गंमत त्याला ठाऊक नसते. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कारभार उर्दूत. सभा भरवायची तर आधी परवानगी. ‘गश्ती निशाण 53’ हे त्या फर्मानाचं नाव जुन्या लोकांच्या तोंडी अजून आहे. राजकीय सभा घेता येत नाही म्हटल्यावर माणसं जमणार कुठं? गणेशोत्सवात, खासगी शाळांत आणि वाचनालयांत. सरस्वती भुवन संस्था 1915 ची. औरंगपुऱ्यातलं बलवंत वाचनालयही निजामी काळातलंच. आ. कृ. वाघमाऱ्यांनी 1938 मध्ये ‘मराठवाडा’ साप्ताहिक काढलं ते पुण्यातून, कारण इकडे छापू देणार कोण! संस्थानात त्याच्यावर बंदी आली की अंक नाव बदलून यायचा. अशा दिवसांत वाचनालयात नियमानं जाणारा माणूस पोलिसांच्या नजरेत भरण्याची भीती होती. आजच्या सभासदाला नजर चुकवायची असते ती मंडईतल्या ओळखीच्यांची. न जाणो, कुणाला वाटायचं याची परिस्थिती हलाखीची झाली.

आणि वाचनालयं महाराष्ट्रात काही काल-परवाची नाहीत. रत्नागिरीचं 1828 पासून आहे, पुण्याचं 1848 पासून. वि. ल. भाव्यांनी ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय काढलं ते 1893 मध्ये. ही बहुतेक सगळी गावकऱ्यांच्या वर्गणीवर, देणगीवर आणि चिकाटीवर उभी राहिली. वाचनालयांसाठी खजिना उघडणारा मराठी राजा म्हणजे बडोद्याचे सयाजीराव गायकवाड. मूळचे आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. त्यांनी 1910 मध्ये विल्यम बोर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल बडोद्यात आणला आणि राज्यभर मोफत वाचनालयांचं जाळं विणायला लावलं. परतीच्या सभासदाला ही माहिती एखाद्या दिवाळी अंकातून कळते, तेव्हा त्याच्या डोक्यात त्यातला एकच शब्द राहतो: मोफत. त्या दिवसापासून पेशवाई बुडाल्यापेक्षा गायकवाडी विलीन झाल्याचं त्याला जास्त दुःख होतं.

कार्ड हातात पडलं की खरा माणूस दिसतो. कपाटांच्या रांगांतून तो पुस्तक शोधत नाही, किंमत शोधतो. मुखपृष्ठ नाही, लेखक नाही. थेट आतलं पान. एका वेळी एकच पुस्तक मिळतं, तर मग ते कमीत कमी सहाशेचं तरी हवं, हा त्याचा साधा न्याय. त्यामुळे पहिले काही महिने तो फक्त ठोकळे वाचतो. ‘श्रीमान योगी’, ‘मृत्युंजय’, ‘पानिपत’, ‘महानायक’. एखादा सुंदर, सडपातळ कवितासंग्रह त्याच्या हाताला लागतो, तो पानं मोजतो आणि हळूच परत ठेवतो. कवींवर त्याचा राग नसतो, पण एवढ्यासाठी औरंगपुऱ्यापर्यंत पेट्रोल जाळून येणं त्याला परवडत नाही.

जुन्या पुस्तकांनी त्याची विलक्षण पंचाईत होते. एक झकास कादंबरी मिळते, पण तिच्यावर छापलेली किंमत साडेतीन रुपये! डायरीत ‘या महिन्यातली बचत’ या रकान्यात साडेतीन रुपये लिहायचे? त्याला ती स्वतःची फसवणूक वाटते. मग तो नवी आवृत्ती कितीला आहे ते फोनवर शोधतो, तो आकडा लिहितो आणि पुस्तक साडेतीनचंच वाचतो. एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले. त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवा असं सांगतो. मद्रास विद्यापीठाचं ग्रंथालय चालवणारा हा गणिताचा प्राध्यापक होता. पैशांचा सहावा नियम त्याला सुचला नाही याचं नवल वाटतं. ती उणीव आमच्या सभासदानं भरून काढली आहे.

इथं एक गोष्ट त्याच्या बाजूनं सांगायला हवी. वाचनसंस्कृती लोपत चालल्याची भाषणं शहरात वर्षभर होतात. तापडिया नाट्यमंदिरापासून कॉलेजांच्या सभागृहांपर्यंत कुठंही जा, एक तरी वक्ता हळहळताना सापडेल. या वक्त्यांपैकी वाचनालयाची वर्गणी भरणारे किती, हा प्रश्न सभेत विचारायचा नसतो. ग्रंथप्रेमी माणूस पुस्तक विकत घेतो, पहिल्या पानावर नाव-तारीख घालतो आणि कपाटात उभं करतो. घरी पळून जाणारी मुदत नसते. परतीच्या सभासदाच्या डोक्यावर मात्र परत करायची तारीख असते आणि त्यापुढे रोजचा दंड. तो शेवटच्या रात्री दीडपर्यंत जागतो आणि पुस्तक संपवतो. पानिपतावर कोण मेलं ते त्याला शाळेपासून माहीत होतं. पण सदाशिवरावभाऊंच्या फौजेचा दाणागोटा कसा आटत गेला, ते तो अशा रीतीनं सांगू लागतो की ऑफिसातल्या कँटीनवाल्यालाही आपल्या पुरवठ्याची काळजी वाटावी. दंडाच्या भीतीनं झालेलं वाचनही वाचनच. निदान प्लॅस्टिक तरी निघालेलं असतं.

हळूहळू त्याला आधीच्या वाचकांचा शेजार लागतो. वाचनालयाचं पुस्तक कधी एकट्याचं नसतं. समासात कुणी ‘वा!’ लिहिलेलं असतं, खाली दुसऱ्यानं ‘काय वा? तीनदा तेच’ असं पेन्सिलीनं उत्तर दिलेलं असतं. प्रमाणलेखनाच्या चुका लाल शाईनं सुधारणारे एक गृहस्थ तर निम्म्या कपाटांतून भेटतात. त्यांनी विश्रामबेडेकरी वाक्यंही सरळ करून ठेवलेली असतात. रहस्यकथांचा विभाग सर्वांत धोक्याचा. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या आणि त्यातल्या किती तरी कथांचा शेवट कुणी ना कुणी दुष्टानं पहिल्याच पानावर लिहून ठेवलेला असतो. असलं पुस्तक हातात पडल्यावर सभासद काउंटरवर येऊन तक्रार करतो, “मॅडम, खुनी कोण ते आधीच कळलंय. दुसरं द्या.” मॅडम म्हणतात, “मग वाचायला सोपं जाईल.”

पानांत सापडणाऱ्या वस्तू हा त्याच्या दृष्टीनं लाभांश. एसटीचं तिकीट, औषधाच्या दुकानाचं बिल, जाळी झालेलं पिंपळपान, घाटी दवाखान्यातल्या ओपीडीचा केसपेपर, कुणाच्या तरी साखरपुड्याचं निमंत्रण. एकदा पन्नासाची नोटही निघते. ती मात्र तो काउंटरवर जमा करतो आणि पावती मागतो. माणूस काटकसरी असला तरी अप्रामाणिक नाही, हे इथं नोंदवलेलं बरं.

औरंगपुरा ही पुस्तकांच्या दुकानांची वस्ती. जून लागला की वह्या-पुस्तकांसाठी इथं पालकांची जी रेटारेटी होते तिच्यात वर्षभराचं सामाजिक जीवन उरकून जातं. या दुकानांत आता परतीचा सभासद नव्यानं जाऊ लागतो. घ्यायला नाही, बघायला. नवं काय आलंय ते चाळतो, मलपृष्ठ वाचतो, प्रस्तावना वाचतो, दुकानदाराचं लक्ष नाही असं पाहून मुखपृष्ठाचा फोटो काढतो. नंतर रस्ता ओलांडून वाचनालयात येतो आणि सूचना वहीत सुवाच्य अक्षरात लिहितो: ‘पुढील पुस्तके वाचकांच्या मागणीनुसार घ्यावीत.’ वाचक एकच, पण बहुवचनाला पैसे पडत नाहीत. दुकानदार हे ओळखून असतो. एके दिवशी तो स्वतःच म्हणतो, “सर, फोटो नीट नाही आला बघा, उजेडात धरा.”

यात लेखकाचं काय, हा प्रश्न कुणी विचारला तर सभासदाकडे उत्तर नसतं, आणि खरं म्हणजे आपल्या कायद्याकडेही नाही. डेन्मार्कनं 1946 पासून वाचनालयांत ठेवलेल्या पुस्तकांसाठी लेखकांना मोबदला द्यायला सुरुवात केली. ब्रिटनमध्ये 1979 मध्ये तसा कायदा झाला. तिथं पुस्तक वाचनालयातून जितक्यांदा घरी जातं, त्या प्रमाणात सरकार लेखकाला काही पेन्स देतं. आपल्याकडे लेखकाला मिळतं ते वाचनालयानं घेतलेल्या एका प्रतीचं मानधन. पुढची तीस वर्षं ती प्रत शहरभर फिरते, मेथीच्या पिशवीतून प्रवास करते, कोथिंबिरीचा वास घेऊन परत येते, आणि लेखकाला त्याचं काही कळत नाही. सभासदाला याचं थोडं वाईट वाटतं. एखाद्या लेखकाला तो मनापासून पत्रही लिहितो, ‘आपले पुस्तक अप्रतिम. मी चार जणांना वाचायला दिले.’ लेखकानं हे वाचून काय करावं हे त्याचं त्यानं ठरवायचं.

घरी बचतीचा आनंद फार दिवस टिकत नाही. कारण एक कार्ड आणि वाचणारे चार अशी अवस्था होते. बायकोनं ठराव मांडला होता, पण आपण वाचणार नाही असं कुठं म्हटलं होतं? तिला नवी आत्मचरित्रं हवी असतात आणि ती नवऱ्याच्या दुप्पट वेगानं वाचते. आईला संतचरित्र, तेही मोठ्या टाइपातलं. मुलाला मराठी नको, इंग्रजी हवं, तेही मालिकेतला तिसराच भाग. आठवडाभर हा गृहस्थ पिशवीत चिठ्ठ्या घेऊन फिरतो: अर्धा किलो गवार, पाव किलो मिरच्या, मुक्ताबाई, आणि कुणा डिटेक्टिव्हचा भाग तीन. एकदा घाईत गवारीची चिठ्ठी मॅडमच्या हातात जाते. त्या शांतपणे सांगतात, “हे बाहेरच्या बाजूला.” शेवटी दुसरं कार्ड काढावं लागतं, मग बालविभागाचं तिसरं. त्यातच एकदा चुकीच्या ठिकाणी लावलेली स्कूटर टोइंगवाले उचलून नेतात. त्या दिवशी डायरीतला बचतीचा रकाना पहिल्यांदा उणे होतो.

दिवाळीत सगळेच हिशेब कोलमडतात. का. र. मित्रांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरात फराळाबरोबर अंक हवाच असतो, आणि हल्ली एकेका अंकाची किंमत फराळाच्या डब्याशी स्पर्धा करते. वाचनालयं दिवाळी अंकांसाठी वेगळी वर्गणी घेतात. थोडक्या पैशांत डझनांनी अंक! इतका घाऊक सौदा परतीच्या सभासदानं आयुष्यात पाहिलेला नसतो. त्यासाठी तो शटर उघडण्याआधी येऊन उभा राहतो. तरी ‘आवाज’ त्याच्या हाती पडतो तो जानेवारीत, आणि ज्या खिडकीचित्रांसाठी तो अंक प्रसिद्ध, त्या सगळ्या खिडक्यांची कवाडं एव्हाना उघडून उघडून निखळलेली असतात. पलीकडचं दिसतं, पण उघडण्याची मजा आधीच्या साठ सभासदांनी संपवलेली. ‘मौज’ मात्र कोराच्या कोरा मिळतो. त्यावर त्यानं काही म्हटलेलं नाही, आपणही म्हणू नये.

या सगळ्यात तो वाचनकक्षात कधी बसू लागतो, त्याचं त्यालाच कळत नाही. वर्तमानपत्रं फुकट, पंखा फुकट, घरचं वीजबिलही तेवढंच कमी. पण तिथं त्याची गाठ पडते ती तलाठी भरती आणि एमपीएससीवाल्या पोरांशी. कन्नडहून, सिल्लोडहून, पैठणहून आलेली ही मुलं खोली भाड्यानं घेऊन चार-चार जण राहतात, सकाळी आल्या आल्या पाण्याची बाटली ठेवून जागा धरतात आणि रात्री दिवे घालवेपर्यंत हलत नाहीत. वाचनालय वापरून पैसे वाचवण्याचा खरा अभ्यास त्यांचाच. खासगी अभ्यासिकेची महिन्याची फी म्हणजे त्यांचे कित्येक दिवसांचे डबे. पंख्याखालच्या खुर्चीवरून सुरुवातीला शीतयुद्ध होतं. काकांचा फोन वाजतो, पाच-सहा माना एकदम वर होतात. “काका, बाहेर.” काका बाहेर जातात, येईपर्यंत खुर्ची गेलेली असते.

नंतर तह होतो. ‘पानिपत’ आणि ‘महानायक’ झालेला माणूस म्हणून इतिहासाचे प्रश्न त्याला विचारले जातात. तो उत्तर देतो, पण कादंबरीतून. सुभाषबाबूंच्या मनात त्या रात्री काय चाललं होतं ते तो दहा मिनिटं सांगतो, आणि पोरगं विचारतं, “सर, पण साल कोणतं?” साल त्याला येत नसतं. पर्यायांत मनोव्यथा नसते.

काटकसरीच्या माणसाचं पुढं काय होतं? बहुतेकांचं काही होत नाही. ते वर्षभरानं अनामत परत घेतात आणि पुन्हा ऑनलाइनकडे वळतात. पण काही जण अडकतात. वार्षिक सभेला चहा-बिस्किटं आहेत म्हणून एखादा जातो, ताळेबंद वाचतो आणि त्यातली बेरजेची चूक दाखवतो. सार्वजनिक संस्थेत बेरजेची चूक दाखवणाऱ्या माणसाला एकच शिक्षा असते. पुढच्या वर्षी तो कोषाध्यक्ष होतो.

आणि मग त्याला कळतं की आपण स्वतःला उगाच काटकसरी समजत होतो. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 चा. त्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग. अशी वाचनालयं राज्यात हजारोंनी. मद्रासनं 1948 च्या कायद्यातच घरपट्टीवर ग्रंथालयासाठी उपकर बसवला. मराठवाडा ज्या हैदराबाद राज्यात होता तिथंही 1955 मध्ये ग्रंथालय कायदा झाला, पण 1 नोव्हेंबर 1956 ला आपण तिथून निघून मुंबई राज्यात आलो. महाराष्ट्राच्या कायद्यात उपकर नाहीच. सगळी मदार अनुदानावर, ते हप्त्यांनी येतं, आणि कधी येईल ते विचारायचं नसतं. ‘ड’ वर्गातल्या छोट्या वाचनालयाला वाढ होईपर्यंत वर्षाला 30,000 रुपये मिळायचे. वर्षाला! त्यात सेवकाचा पगार, वर्तमानपत्रं, वीज आणि पुस्तकंही. वाढ 60 टक्क्यांची झाली. ती 30,000 वर किती होते, ते कोषाध्यक्षांनी तोंडी काढलं आणि मग बराच वेळ बोलले नाहीत. वेतनश्रेणी मागत मागत ग्रंथालय कर्मचाऱ्यांच्या पिढ्या निवृत्त झाल्या. ज्या मॅडमना आपण व्याज विचारलं होतं त्यांचा पगार पगारपत्रकात वाचून त्यानं दोनदा आकडा तपासला. त्याला वाटलं, एक शून्य राहिलंय.

तेव्हापासून त्याच्या अंगात वेगळाच जोम आलाय. सूचना वहीतल्या बहुवचनी मागण्यांवर तोच आता ‘निधीअभावी पुढील वर्षी’ असा शेरा मारतो. राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडून आलेल्या पुस्तकांचे गठ्ठे स्वतः मोजून घेतो. वर्गणीवाढीचा ठराव त्यानंच मांडला आणि त्याला सर्वांत मोठा विरोध घरून झाला, कारण तीन कार्डं.

परवा वर्षभराची वर्तमानपत्रांची रद्दी काढायची होती. इतकी वर्षं जो भाव देईल त्याला रद्दी जायची. कोषाध्यक्षांनी तीन ठिकाणचे भाव मागवले, घरचा तराजू आणला आणि गाडीवाल्याला जिन्याखाली गाठलं.

“साब, सोलह से उप्पर नई होता.”

“अठरा चालू आहे शहागंजात.”

“होता था साब. अब अखबार में वजन किधर रहा? सब इश्तेहारच इश्तेहार.”

“अरे, मग इश्तेहार का कागद तो और जाड रहता!”

गाडीवाला हसला, पण भाव हलला नाही. सोळावरच ठरलं. मग पावतीचा विषय निघाला. गाडीवाल्यानं जन्मात कुणाला पावती दिली नव्हती. कोषाध्यक्षांनी खिशातून छापील कोरी पावती काढली, ऑडिट म्हणजे काय ते समजावलं, त्याच्यावर ग्रांट कशी अवलंबून असते ते समजावलं.

“कितनी आती साब, ग्रांट?”

त्यांनी लहान गावांतल्या वाचनालयांना मिळायची ती रक्कम सांगितली.

“महिने का?”

“साल का.”

गाडीवाला गठ्ठा उचलता उचलता थांबला. एकदा वरच्या मजल्याकडे बघितलं, एकदा कोषाध्यक्षांकडे. “चलो, फिर पचास पैसा और लगा लेव.”

“पचास में क्या होता है,” कोषाध्यक्ष तराजूचा काटा सरळ करत म्हणाले, “रुपयाच करा ना.”